पंधराव्या दिवसाची नोंद

घराबाहेर पडताना, कुलूप लावण्याआधी, मेन बोर्डाचे खटके खाली पाडायचे ही माझी बावीस वर्षांची सवय. आम्ही बदली होऊन दिल्लीला आलो त्याच हिवाळ्यात आमच्या सरकारी वसाहतीतल्या एका क्वार्टरमध्ये चालू राहिलेल्या हीटरने पलंग पेटला होता. माणसे लग्नाला गेली होती म्हणून वाचली. पण जळक्या गादीचा वास जिन्यात महिनाभर होता. तेव्हापासून पायात बूट चढवून झाले की माझा उजवा हात आपोआप बोर्डाकडे जातो. फ्रिजचा सोडून सगळे खटके खाली. बायको म्हणते, "हे वर जातानासुद्धा यमाला दारात थांबवतील. म्हणतील, एक मिनिट हं, मेन बंद करतो."

मला या सवयीचा थोडा अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी अकरावीत होती. तिला जनावरांचे डॉक्टर व्हायचे आहे. मला त्याचा उत्साह नव्हता. तसे मी कधी बोललो नाही, पण विषय निघाला की मी वर्तमानपत्र उघडत असे, आणि तिला ते कळत असे. डिसेंबरच्या अखेरीस सुट्टी लागली तेव्हा तिने घरीच अंडी उबवायचे ठरवले. मासेवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला, तीनदा धुतला, तरी दोन दिवस मागच्या खोलीला मासळीचा वास येत राहिला. झाकणात जुन्या फोटोफ्रेमची काच बसवली. आत दोन बल्ब, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा, पाण्याची वाटी, आणि लाजपतराय मार्केटमधून आणलेला एक कंट्रोलर, जो उष्णता वाढली की बल्ब विझवी आणि घटली की पेटवी. बाहेरच्या बाजूला एक लहानसा डिजिटल थर्मामीटर चिकटवला होता. त्यावर आतले तापमान दिसे. त्याचे बटण दाबले की मधल्या काळात ते सर्वांत खाली किती उतरले होते तेही दिसे, आणि तेच बटण दाबून धरले की तो आकडा पुसला जाई. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो.

फरुखनगरच्या पुढच्या एका लहान फार्मवरून आम्ही बारा गावठी अंडी आणली. येताना ट्रे तिच्या मांडीवर होता आणि गाडी मी चालवत होतो. प्रत्येक गतिरोधकाला ती ओरडत होती, "बाबा, हळू यार! आत लोक आहेत!" घरी आल्यावर तिने पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर आकडा घातला, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून चार वेळा अंडी फिरवायची, म्हणजे फुली वर असेल तर गोल वर आणायचा. एक वही केली. वेळ, तापमान, सर्वांत खाली उतरलेले तापमान, ओलावा, कोणती बाजू वर. सगळे रकाने पट्टीने आखलेले.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी कोंबड्या होत्या. मी तिला सांगितले, की कोंबडी अंडी घालायची थांबून घरट्यात ठाण मांडून बसली की तिला खुडूक झाली म्हणतात, आणि मग ती तीन आठवडे कुणालाही जवळ येऊ देत नाही. हा शब्द तिला ठाऊक नव्हता. दिल्लीत वाढलेल्या मुलीला तो कुठून ठाऊक असणार? तिला तो फार आवडला. "आई, मी खुडूक आहे, मला भांडी घासायला सांगू नको," असे ती आठवडाभर म्हणत होती.

सातव्या दिवशी तिने खोलीत अंधार करून टॉर्चवर अंडी धरून पाहिली. दोन रिकामी निघाली. उरलेल्या दहांमध्ये लाल शिरांचे जाळे आणि मधोमध एक काळा ठिपका होता. चौदाव्या दिवशी तिने पुन्हा पाहिले तेव्हा मीही खोलीत होतो. दहाही अंड्यांमध्ये हालचाल होती. सात नंबरचे पिल्लू सगळ्यांत चंचल; टॉर्च लावली की ते अंग आखडून बाजूला सरके. ते बघताना मी वर्तमानपत्र विसरलो, हे मला कबूल केले पाहिजे. "बघितलंस?" ती म्हणाली. मी म्हणालो, "त्याला प्रकाश आवडत नाही." ती हसली. "तुझ्यासारखंच आहे. सकाळी पडदा उघडला की तू असाच करतोस."

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जाते. मी आजवर एकही वर्ष चुकवलेले नाही. मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी थांबते. दुपारी फिरवायची असतात." मी म्हणालो, "एक दिवस अंडी स्वतःला सांभाळतील." ती म्हणाली, "बाबा, प्लीज." मी आवाज चढवत नाही, मला तशी गरज कधी पडलेली नाही. मी फक्त एवढेच म्हणालो, की ज्यांना जिथे जाणे महत्त्वाचे वाटत नाही त्यांनी तिथे येऊ नये. पंधरा मिनिटांनी ती स्वेटर घालून तयार होती. सकाळचे सहा वाजले होते आणि बाहेर धुके होते. बस कोपर्निकस मार्गावरून सुटणार होती. बायको आणि मुलगी जिना उतरल्या. मी दाराशी बूट घातले. कुलूप लावले. निघालो.

स्मारकावर ऊन पडायला अकरा वाजले. फेटे बांधलेली माणसे, फुलांची चक्रे, भाषणे, तिळगूळ. एक वाजता मुलीच्या फोनचा गजर वाजला. तो अंडी फिरवायचा गजर होता. तिने तो बंद केला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"अगं, कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठते की," बायको म्हणाली.

"पंधरा-वीस मिनिटं, आई. दिवसभर पिकनिकला नाही जात ती." मग तीच स्वतःची समजूत घातल्यासारखी म्हणाली, "फिरवणं एकदा चुकलं तर चालतं. टेंपरेचर आहे ना, बस."

टेंपरेचर आहे ना. ते ऐकले आणि माझ्या अंगठ्याला खटक्यांचा स्पर्श आठवला. डोक्याला अजून काही कळले नव्हते, पण अंगठ्याला आठवत होते. एक, दोन, तीन, चार. फ्रिजचा सोडून. मागच्या खोलीचा चौथा.

तिथून पुढे मी जे जे केले ते क्रमाने लिहितो.

आमच्या घराची एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंकडे असते. नळवाला वगैरे आला तर त्या दार उघडून देतात. मी बसच्या मागे गेलो आणि त्यांना फोन लावला. तिसऱ्या घंटेला त्यांनी उचलला. "हाँ भाईसाहब, कहिए, पहुँच गए?" मी म्हणालो, "जी, पहुँच गए. वो ज़रा घर का..." तेवढ्यात मुलगी बसच्या कडेने आली. हातात द्रोण होता. "बाबा, कुणाशी बोलतोयस? तिळगूळ संपेल." बाई पलीकडून विचारत होत्या, "घर का क्या, भाईसाहब?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "दूधवाला आया था क्या, बस यही."

"आया था जी. आपका पैकेट मैंने रख लिया है."

मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला. पुन्हा लावता आला असता. दोन वाजता लावता आला असता, तीन वाजता लावता आला असता. पण बाई बोलक्या आहेत. संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर त्या म्हणाल्या असत्या, अरे बेटा, तेरे पापा ने तो बिजली बंद कर दी थी, मैंने जाके चालू की. मी सकाळी मुलीला ज्या स्वरात ऐकवले होते तो स्वर माझ्या कानात होता. त्या स्वरानंतर हे वाक्य तिने ऐकावे, हे मला सहन होणार नव्हते. म्हणून दहा जीव गारठू दिले. यापेक्षा मोठे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

परतताना बस मुरथलला पराठ्यांसाठी थांबली. नेहमीच थांबते. मी एका पराठ्याचे तुकडे करत बसलो. समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "काय साहेब, पानिपतचा शोक अजून चालूच का?" सगळे हसले. मुलगी पांढऱ्या लोण्याचा गोळा पराठ्यावर फिरवत होती. मी घड्याळ बघत होतो आणि मनात वजाबाकी करत होतो. सहापासून दोन म्हणजे आठ तास, तीन म्हणजे नऊ. सिंघू सीमेच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती.

आम्ही वसाहतीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मी म्हणालो, की मला घाईची लागली आहे, मी पुढे होतो. तुम्ही दुधाच्या बूथवरून दही आणि पनीर घेऊन या. बायको म्हणाली, "पनीर कशाला आत्ता?" मी जिना चढलो.

खटके वर केले. मागच्या खोलीत अंड्यांच्या पेटीचे बल्ब लागले, पंखा फिरू लागला. थर्मामीटरवर पंधरा पूर्णांक आठ. मी झाकण उघडून एक अंडे हातात घेतले. नदीतला गोटा उचलावा तसे ते थंड होते. मुलगी आल्याबरोबर अंडी फिरवणार आणि तिच्या बोटांना हे कळणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. म्हणून मी दहाही अंडी एकेक करून फिरवली. सगळ्यांची फुली वर आणली. त्यांतल्या एकालाही टॉर्च लावायचे धैर्य मला झाले नाही. मग झाकण लावून आकड्यांकडे बघत उभा राहिलो. एकवीस. सव्वीस. एकतीस. आकडे इतक्या सावकाश चढतात हे मला माहीत नव्हते. छत्तीसला जिन्यात बायकोचा आवाज आला. छत्तीस पूर्णांक नऊला दार वाजले. मी बटण दाबून धरले, आणि पंधरा पूर्णांक आठ पुसले गेले.

ती जॅकेटही न काढता आत आली, वाकून तिने थर्मामीटर पाहिला. "सदतीस एक. मिनिमम छत्तीस नऊ. अरे वा! आई, पेटीने दिवसभर धरून ठेवलं!"

"मी फिरवली," मी म्हणालो. "आत्ताच. फुली वर आहे."

"तू? तू फिरवलीस?" तिने माझ्या पाठीला मिठी मारली आणि वही काढली. पंधरावा दिवस, मिनिमम छत्तीस पूर्णांक नऊ. पुढे कंसात लिहिले, बाबांनी फिरवली.

माझी नोकरी मंत्रालयात, संसदेतल्या प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे लिहिण्याची आहे. एखादी गोष्ट खोटी न बोलता कशी सांगायची टाळावी, हे मी तीस वर्षे शिकलो आहे. त्या संध्याकाळी मी उच्चारलेल्या वाक्यांतही एकदेखील खोटे नव्हते. मी अंडी फिरवली होती. फुली वरच होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी गारठलेल्या अंड्यांबद्दल जे सापडेल ते वाचले. सगळीच मरतात असे नाही, असे त्यात होते. जी वाचतात त्यांची वाढ तेवढी मागे पडते आणि ती एकविसाव्या दिवशी न फुटता दिवस-दोन दिवस उशिरा फुटतात. हे वाचून मला हायसे वाटले. कुणालाच काही सांगावे लागणार नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

अठराव्या दिवशी तिने अंडी फिरवणे थांबवले, पाणी वाढवले आणि झाकणावर चिकटपट्टी लावली. आता पिल्ले बाहेर येईपर्यंत उघडायचे नाही. विसाव्या दिवसापासून ती काचेला कान लावून बसू लागली. एकविसाव्या दिवशी सकाळी तिने शाळा बुडवली; मी काही म्हणालो नाही. दुपार झाली. संध्याकाळ झाली. एकाही कवचाला तडा नव्हता, आतून टकटक नव्हती. ती जेवली नाही. "काही तरी करायला हवं होतं, ते मी केलं नाही," एवढेच म्हणाली.

बाविसावा दिवस रविवार होता. सकाळी नऊला ती एक काचेचा वाडगा, चिमटा आणि वही घेऊन मागच्या खोलीत आली. माझा चहाचा कप हातात होता.

"मी बंद करते आता," ती म्हणाली. "एक-एक उघडून बघते कितव्या दिवशी गेली. निदान तेवढं तरी कळेल."

"अजून एक दिवस थांब."

"का?"

"थंडी फार आहे यंदा."

"बाहेर आहे, बाबा. पेटीत नाहीये. हे बघ ना." तिने वहीची पाने माझ्यापुढे धरली. "छत्तीस नऊच्या खाली कधी गेलंच नाही. पूर्ण वेळ बिल्कुल स्टेडी. प्रॉब्लेम टेंपरेचरचा नाही, माझा आहे. चौदाव्या दिवशी मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवायला मी सात नंबरला खूप वेळ बाहेर ठेवलं होतं. टॉर्चही गरम होते. मीच मारलं त्याला."

मी पुसलेला आकडा माझ्याच समोर पुरावा म्हणून ठेवला गेला होता, आणि त्या पुराव्यावर तिने स्वतःला दोषी ठरवले होते. तेव्हा मी बोलायला हवे होते. मी तोंड उघडलेही. बाहेर आले ते हे: "तरीपण, घाई कशाला?"

"मला हे असं बघवत नाहीये, म्हणून," ती म्हणाली, आणि तिने पट्टी काढली.

तिने सात नंबर उचलले. रुंद टोकाकडून चिमट्याने कवचाचा एक तुकडा काढला, मग दुसरा. खाली पांढरा पापुद्रा होता. तो तिने टोकाने फाडला आणि तिथून रक्त आले. पातळ, लालभडक, ताजे. मेलेल्या अंड्यातून असे रक्त येत नाही, हे मलाही कळले. पापुद्र्याखाली ओली काळी पिसे होती, आणि एक चोच. चोच उघडली आणि मिटली.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "बाबा, हे जिवंत आहे."

तिने टिश्यू कोमट पाण्यात भिजवून त्याच्याभोवती गुंडाळला. "पिवळा बलक अजून बाहेर आहे. आत ओढला गेलेला नाही. हे बावीस दिवसांचं नाहीये. हे मागे कसं राहिलं? मी तर रोज मोजत होते..." ती वहीची पाने उलटू लागली; रक्ताचे बोट पानांना लागत होते. चूक कुठे झाली ते ती शोधत होती, आणि मला दिसत होते की ती वही संपेपर्यंत शोधत राहील.

मी कप खिडकीत ठेवला.

"संक्रांतीला मी निघताना मेन बंद केला होता," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत पेटी बंद होती. मी येऊन चालू केली. मिनिमम मी पुसला. ही तुझी चूक नाही. ती उशिरा फुटतील, हे मला माहीत होतं."

बायको दारात येऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही.

"किती वेळ?" मुलीने विचारले.

"सकाळी सहा ते संध्याकाळी सहा."

"किती होतं मिनिमम?"

"पंधरा पूर्णांक आठ."

"लक्षात आहे तुझ्या."

"हो."

"तुला कधी कळलं? घरी आल्यावर?"

इथे मला अजून एक वाट होती. हो म्हटले असते तर चालून गेले असते. "नाही," मी म्हणालो. "एक वाजता. तुझा गजर वाजला तेव्हा." आणि मग फोनचेही सांगितले, दूधवाल्याचेही.

ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने सात नंबर टिश्यूसकट पेटीत ठेवले, झाकण लावले, पट्टी पुन्हा चिकटवली. मग पंधराव्या दिवसाचे पान काढून छत्तीस पूर्णांक नऊवर एक आडवी रेघ मारली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"तू लिही. तुझ्या हाताने."

मी लिहिले: सकाळी सहा ते सायंकाळी सहा वीजपुरवठा बंद होता. तापमान १५.८ पर्यंत उतरले.

तिने वाचले. "कोणी बंद केला होता?"

मी त्याखाली पुन्हा लिहिले. मी बंद केला. दुपारी एक वाजता माझ्या लक्षात आले. मी कुणाला सांगितले नाही. १५.८ हा आकडा मी पुसला.

"आता बाहेर जा, बाबा," ती म्हणाली.

सात नंबर दुपारी सव्वादोनला गेले. ते मला बायकोने सांगितले. तिने आणखी एक सांगितले, पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता: "मला तरी सांगायचंत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? बारा दिवस आधी वांग्याची भाजी खारट झाली तर जिन्यात ऐकू जाईल एवढं बोललात. स्वतःचं मात्र पोटात."

उरलेली नऊ पेटीत होती. मुलगी तिथेच चटई टाकून बसली. मी खोलीच्या दाराशी, बाहेर, वेताच्या मोड्यावर. मला आत यायला कुणी सांगितले नव्हते आणि उठून जायलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ती एकदम म्हणाली, "शू!" खरे तर मी काहीच बोलत नव्हतो. अकरा नंबरच्या कवचाला एक चांदणीएवढा तडा गेला होता.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते सांगता येत नाही. तडा गेला आणि पुढे काहीच होईना. चोचीचे टोक दिसे, थांबे. अर्धा तास. एक तास. दोन तास. आतून एक बारीक चीं येई आणि बंद होई. मी न राहवून म्हणालो, "थोडंसं कवच काढून दिलं तर?"

"हात लावायचा नाही," ती मागे न वळता म्हणाली. "काल लावला ना मी. बघितलं ना काय झालं."

संध्याकाळी सात वाजता अकरा नंबरने कवच गोल कापत आणले, एक जोर दिला, आणि ओले, कुरूप, दमलेले असे ते जाळीवर पडून राहिले. तिने ओठ दाबून धरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबर फुटले. चार नंबरला तडा गेला, पण ते बाहेर येऊ शकले नाही. उरलेल्या सहांची तिने पंचविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली, मग ती उघडली. सहाही पंधराव्या-सोळाव्या दिवसाएवढीच होती. तिने प्रत्येकाच्या पुढे तसे लिहिले. मला वाचायला दिले नाही, लपवलेही नाही. वही टेबलावर उघडी होती.

दोन पिल्ले जगली. तीन नंबरचे पाय दोन्ही बाजूंना फाकत होते. तिने चिकटपट्टीची एक पट्टी करून दोन पायांमध्ये पुलासारखी बांधली, तीन दिवसांत ते नीट उभे राहिले. दोघांना पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बखाली ठेवले होते. त्या दिवसांत ती माझ्याशी बोलत होती, पण कामापुरते. मीठ दे. दार लाव. मेन बोर्डाच्या चौथ्या खटक्यावर तिने 'बंद करू नये' असा कागद चिकटवला नाही. मी वाट बघत होतो, की ती चिकटवेल. शेवटी मीच चिकटवला.

आठवड्याने तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बायको पहाडगंजच्या शाळेत शिकवते, तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. पिल्लांपाशी दिवसभर कुणीतरी हवे होते, कारण बल्ब फार खाली आला तर ती भाजतात आणि वर गेला तर गारठतात. मी म्हणालो, की मी थांबतो. ती बराच वेळ बूट घालत बसली. मग आत जाऊन वही घेऊन आली.

"दर तासाला लिही," ती म्हणाली. "जे दिसेल ते. चांगलं दिसलं नाही तरी."

दिवसभर मी त्या खोक्यापाशी बसून होतो. नऊ वाजता बत्तीस अंश, दोघे दाणे टिपत आहेत. दहा वाजता बत्तीस, झोपलेले. अकरा वाजता बल्ब थोडा वर घेतला. बारानंतर पाणी बदलताना माझी कोपर लागून वाटी उलटली आणि तीन नंबर भिजले. मी त्याला टॉवेलने टिपले, बल्बखाली धरले. वीस मिनिटांत ते कोरडे झाले, फुगले, पुन्हा दाण्यांकडे पळाले. खोक्यातला भुसा मी बदलला. ओला झाल्याची खूण कुठेच उरली नव्हती.

मी वही उघडली आणि लिहिले: १२.१०, माझ्या हातून पाणी सांडले, तीन नंबर भिजले, १२.३० ला कोरडे झाले.

ती चारला आली. आधी पिल्ले पाहिली, मग उभ्याउभ्याच वही वाचली. बोट त्या ओळीवर थांबले.

"किती सांडलं?"

"अर्धी वाटी."

"थरथरत होतं?"

"थोडं. पाचेक मिनिटं."

तिने खिशातून पेन काढले आणि माझ्या ओळीपुढे तेवढे लिहिले, पाच मिनिटे थरथरले. मग दप्तर खाली ठेवून ती खोक्याच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीवर, माझ्यासमोर बसली. "सरक थोडा," ती म्हणाली. "उजेड अडवतोयस त्यांचा."